बाणगंगेवरचे स्नायपर

आई गेली. दहाव्या दिवशी बाणगंगेवर तिच्या पिंडाला कावळा शिवेना.

"काहीतरी इच्छा राहिली असणार," काका म्हणाले. "धाकटीला सांभाळीन म्हण रे!"

मी हात उंचावून एकेक वचन देत होतो.

शेजारी एक गृहस्थ मांडी घालून निश्चल बसले होते. फौजेत स्नायपर होतो, म्हणाले. दुर्बिणीतून लक्ष्य दाखवणाऱ्या जोडीदाराचे दिवस करायला आले होते. त्यांच्या पिंडाला कावळा केव्हाच शिवला होता.

"अहो, हात हलवताय म्हणून तो येत नाही," ते पुटपुटले. "आम्हाला रायफलीआधी नुसतं पडून राहायला शिकवलं. पाखरं पाठीवर येऊन बसायची."

मी हात मांडीवर ठेवले. कावळा आला.

आता आई नाही, एवढंच उरलं आहे. तिचं काही राहून गेलं, ही बोच नाही.