तलावाचं तेल

“ठेव न, पाहू मंग.”

एवढं म्हणून तो हनुवटी अंगणातल्या बादलीकडे वळवायचा. हात कायम काळे, तेलकट, त्यामुळे दाखवायचं काम हनुवटीकडे. कोणी दुधाची पिशवी आणो, खताचं पोतं आणो, तुटका मग आणो, उत्तर एकच. नाही म्हणायचं वळणच त्याच्या जिभेला नव्हतं. तुमच्याही गावात असेल असा एखादा. असला तर सांभाळा बाप्पा त्याला. असल्या माणसाच्या दारात लोक काय काय ठेवून जातात, काही नेम नाही.

माझी धान कुटायची गिरणी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे, अड्याळच्या अलीकडे. त्याचं घर गिरणीच्या मागे. तो ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा, तोही टाकायचा. एक दिवस ओलं जाळं खांद्यावर घेऊन सरळ गिरणीत आला आणि नुकत्याच झाडलेल्या फरशीवर उपडं केलं. प्लॅस्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल आणि त्यात बोटाएवढ्या चार मासोळ्या.

“पाय भाऊ,” म्हणाला, “मासोळी धरून राहिलो मी का गावचा कचरा धरून राहिलो?”

“ते जाऊ दे. फरशी कोण धुणार बे?” मी म्हणालो.

फरशी त्यानंच धुतली. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. मोबाइलवर कुठे काय पाहिलं कोण जाणे, चहा पिता पिता मला विचारतो, “पन्नी तेलापासून बनते म्हणते. मंग पन्नीपासून तेल काहून नाई बनत?” मला उत्तर आलं नाही, म्हणून मी चिडलो. चिडलो की मी त्याला चहा अर्धाच द्यायचो. तो अर्धाही तितक्याच चवीनं प्यायचा, हीच तर पंचाईत.

मग त्यानं डांबराचा रिकामा ड्रम आणला, त्याला घट्ट झाकण बसवून घेतलं आणि खाली माझ्याच गिरणीतल्या भुशाचा जाळ लावला. ड्रमात हवा शिरू द्यायची नाही. आत पन्नी वितळायची, तिची वाफ लोखंडी पाइपातून निघायची, पाइप पाण्याच्या टाक्यातून जायचा, आणि थंड झालेलं तेल पलीकडच्या टोकाला डब्यात ठिबकायचं. पिवळट काळं, आणि वास असा की कुत्रं अंगणात यायचं नाही. त्याची बायको म्हणायची, “नवरा घरात येते का रॉकेलचा पिपा येते, समजतच नाई भाऊजी.”

भट्टीत काय टाकायचं हे ठरवायची त्याची पद्धत मासे धरणाऱ्याचीच होती. तलावाचं पाणी भरलेली बादली. आलेली वस्तू तिच्यात टाकायची, बुडापर्यंत दाबून सोडायची आणि वाट पाहायची. “तरते थे माह्या भट्टीची. बुडते थे नाई.” बुडणारा माल कडू धूर करतो, ड्रम खातो, छाती खातो, हे त्याला कळलं होतं. कळायचं कारण असं, की एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यानं सुरुवातीला हौसेनं भट्टीत टाकला होता. फ्लेक्स बुडणाराच माल. आठवडाभर खोकला. “पुढारी जळाला पण मले घेऊन जात होता,” असं स्वतःच सांगून हसायचा.

आता त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस सांगतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. घरोघरी पाहुणे, रात्रभर दंडारीचा खेळ, बाजार, आणि पाहुण्यांच्या ताटात नवा तांदूळ पाहिजेच. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळीच लाइन गेली. गिरणीसमोर बाया धानाच्या गाठोड्यांसह बसलेल्या, माझ्या इंजिनात डिझेल नाही, आणि मी सगळ्यांवर खेकसतो आहे. तेवढ्यात हा कॅन घेऊन आला.

“माहं टाकून पाय न भाऊ.”

“इंजिन गेलं तर?”

“मंग मी गेलो समज.”

टाकलं. हँडल मारलं. इंजिन खोकललं, काळा धूर ओकलं, बंद पडतं की काय असं झालं, आणि मग जे धडधडायला लागलं ते लागलंच. बाया “अगा माय!” करून उठल्या. एकीनं तर इंजिनालाच हात जोडले. तो मात्र इंजिनाच्या तापत्या अंगावर तळहात ठेवून उभा होता, डोळे मिटून. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, “तलाव चालून राहिला भाऊ. आपला तलाव.”

त्याला एवढंच पाहिजे होतं हो. दर मंडईचा तांदूळ गावच्या कचऱ्यावर कुटला जावा, आणि कचरा सरता सरता एक दिवस त्याच्या जाळ्यात नुसती मासोळी यावी. मला ते वेड वाटायचं. पण त्या दिवशी मी त्याला पूर्ण चहा दिला.

त्यानंतर गावाचा त्याच्यावर विश्वास बसला. लाइन गेली की मीही त्याचंच तेल इंजिनात टाकायचो. आणि तिथूनच घात झाला.

गावातला एक तरणा पोरगा वरठीला कारखान्यात जायचा, मोटरसायकलनं. वाटेतच गेला. त्याच्या दोस्तांनी चौकात हा मोठा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. हसरा चेहरा, काळा गॉगल. पावसाळ्यात तो फाटून लोंबायला लागला, तेव्हा त्याची आई तो उतरवून घेऊन आली. पोराचा चेहरा आत येईल अशी घडी केलेली. मी भुसा टाकायला त्याच्या अंगणात गेलो होतो.

“जयभीम भाऊ,” ती म्हणाली. “हे कुठी टाकू? लोकं गोठ्यावर टाकतेत, बैलाच्या मुतात लोळते थे. माह्या पोराचं तोंड हाये यावर. तुह्या भट्टीत घे. आगीत तं जाईल.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मानेनं खुणावलं, नको म्हण. त्यानं बादलीकडे पाहिलं. हनुवटी काही हलली नाही.

“ठेव न माय,” तो म्हणाला. “पाहू मंग.”

ती गेली तेव्हा जरा ताठ चालत होती. मी मात्र भडकलो. “बादलीत टाकून पाहा ना आता. बुडतं की तरतं?”

“त्या पोराचं तोंड पान्यात बुडवू का भाऊ?” तो म्हणाला.

नाही बुडवलं. तोंडाला गमछा बांधून, घडी न उलगडता, एकटी ती घडी त्यानं ड्रमात ठेवली. कडू धूर माझ्या गिरणीपर्यंत आला. डोळ्यांतून पाणी काढत मी दार लावून घेतलं. तो तिथेच बसून राहिला, कारण त्या माऊलीला शब्द दिला होता आणि शब्द अर्ध्यावर सोडून उठायचं कसं!

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागतो का? आमच्या पंचक्रोशीत आता माणूस मेला की आधी फ्लेक्स लागतो. मेलेल्याचा चेहरा कचऱ्यात टाकवत नाही, घरात ठेवला तर जीव तुटतो. मग बाया येऊ लागल्या. आमच्या गावच्या, आसगावकडच्या, एक तर पवनीहून बसनं आली. कोणी नवऱ्याचा, कोणी सासऱ्याचा, कोणी लेकीचा. सगळ्यांच्या घड्या आतल्या बाजूला चेहरा ठेवून. त्यांच्यासाठी ती तेलाची भट्टी राहिलीच नव्हती. आणि तो प्रत्येकीला म्हणत होता, ठेव न माय.

पुढच्या मंडईला पुन्हा लाइन गेली. पुन्हा बाया बसल्या, पुन्हा तो कॅन घेऊन आला. या खेपेला मी काही न विचारता तेल ओतलं. इंजिन दोन ठोके चाललं आणि आवळून बसलं. उघडलं तर आतलं लोखंड गंजून खरबरीत झालेलं. फ्लेक्सच्या त्या धुरानं ड्रम खाल्ला होता, पाइप खाल्ला होता, आणि तेलसुद्धा आंबट झालं होतं. बाया गाठोडी डोक्यावर घेऊन अड्याळच्या वाटेला लागल्या. तो कॅन मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

“मी गेलो समज,” म्हणाला, आणि हसायला गेला तर खोकलाच आला. तो काही थांबेना. मी पाठ चोळत बसलो. इंजिनाचं मला काही वाटत नव्हतं तेव्हा, देवाशप्पथ.

मी म्हणालो, “मी सरपंचाला सांगतो. दवंडी देऊ. फ्लेक्स आणू नका म्हणून.”

त्यानं माझा हात धरला. काळा ठसा उमटला मनगटावर.

“मंग त्या बायायनं कुठी जावं भाऊ?”

सांगा आता. मी रागावलो, हातापाया पडलो, भुसा द्यायचा बंद केला. तो बाभळीची लाकडं तोडून आणू लागला. त्याची बायको, आमच्या वहिनी, रडून मोकळ्या झाल्या. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, छाती आतून भाजल्यासारखी झाली आहे, धूर बंद. घरी आल्यावर भट्टी विझलीच, कारण जाळ घालायला उठवतच नव्हतं त्याला. भिंतीला टेकून बसायचा, श्वास मोजून घ्यायचा. तलावात नव्या पन्न्या तरंगताना दिसायच्या. त्या दाखवून म्हणायचा, “पाय, बंद्याच्या बंद्या, साऱ्या माह्या भट्टीच्या.” दारात कोणी आलं तर हनुवटी अजून हलायची, पण आता बादली कोरडी होती.

उन्हाळ्यात तो गेला. पाळीवरच नेलं त्याला.

आणि गावातल्या पोरांनी काय केलं असेल? फ्लेक्स लावला. चांगला चौकभर. हसरा फोटो, मागे कुठलीतरी परदेशी तेलविहीर जोडलेली, खाली ‘आमचे लाडके शास्त्रज्ञ’. त्यानं पाहिलं असतं तर खोकला येईपर्यंत हसला असता. मी मात्र खांब धरून उभा राहिलो. पोरांना काय बोलणार? प्रेमानंच लावला होता त्यांनी.

परवा वारं सुटलं आणि त्या फ्लेक्सची एक दोरी तुटली. संध्याकाळी वहिनी गिरणीत आल्या. हातात घडी, चेहरा आतल्या बाजूला. मी पट्टा थांबवला.

“भाऊजी,” म्हणाल्या, “हे कुठी टाकू? गावभरच्या बंद्यायचे त्यायनं घेतले. त्यायचा कोन घेते?”

ड्रम त्यांच्या अंगणात तसाच पडला आहे, बुडाला भोक पडलेला. ते त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. मला सांगायचं होतं की वहिनी, माझ्याच्यानं हे होणार नाही. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“ठेवा न वहिनी. पाहू मंग.”

त्यांनी घडी माझ्या हातात दिली, डोळ्यांना पदर लावला आणि निघाल्या. जरा ताठ चालत गेल्या. घडी घेऊन मी गिरणीच्या दारात तसाच उभा राहिलो. माझ्याजवळ भट्टी नाही.