मर्ल टॅटनेल आणि बर्फाची बादली

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका प्रयोगशाळेत मर्ल टॅटनेल एकतीस वर्षं नळ्यांवर चिठ्ठ्या लावत आली. तेवढ्या काळात तिने तीन संचालक आणि एक नवरा निभावून नेला. (नवऱ्याबद्दल विचारलं की ती चहा ढवळायला घेते.) नळी मात्र एकही चुकली नव्हती. म्हणून डॉ. अँगस पायबसने चहाच्या खोलीत सगळ्यांदेखत तिच्यावर आळ घेतला, तेव्हा लोकांची बिस्किटं चहात विरघळली.

भानगड अशी. जिवाणूंचा एक चंबू सदतीस अंशांवर उबेत, दुसरा दहा अंशांवर गारठ्यात. गारठा लागला की जिवाणू बाकीची कामं आवरती घेतो आणि थंडीसाठी राखलेली जनुकं जोरात चालवतो. थंडीत पेशीतले आरएनएचे निरोप आखडून गुंततात; तो गुंता सोडवणारी प्रथिनं या जनुकांवरून बनतात. म्हणजे गार नमुन्यात ही जनुकं बोलायला हवीत, उबदार नमुन्यात जवळजवळ गप्प. अँगसच्या प्रयोगाची मोजणी आली, तर दोन्हीकडे सारखाच गलका. नमुने काढायचा अँगस, पुढचं सगळं मर्लकडे.

"दोन्ही नळ्यांत गारच भरलंस तू," अँगस म्हणाला. "सोमवारपासून बाटल्या धुवायला जा."

"जाते की. आधी उद्या माझ्यासमोर नमुना काढ. मी नुसती बघते."

"बघून काय होणार?"

"माझी करमणूक."

सकाळी अँगसने उबदार चंबूतून नळी भरली, सवयीने बर्फाच्या बादलीत खोचली आणि दारात कुणाशी तरी फुटबॉलवर बोलत राहिला. मर्लने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.

"बर्फात का ठेवलीस रे, बाळा?"

"सगळेच ठेवतात. नमुना टिकतो."

"मेलेला टिकतो. हे जिवंत आहेत. तू तिकडे गोल मोजत होतास, यांनी इथे स्वेटर चढवले."

अँगसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मर्लने दुसरी नळी घेतली, पेशींचं काम जागीच थांबवणारं द्रावण त्यात आधी ओतलं आणि उबदार नमुना सरळ त्यातच सोडला.

दोन दिवसांनी मोजणी आली. गार नमुन्यात गलका, उबदार जवळजवळ गप्प. बाटल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

ज्याची चूक त्याने शुक्रवारी सगळ्यांना लॅमिंग्टन केक आणायचे, हा त्या खोलीचा जुना नियम. अँगसने दोन खोके आणले. मर्लने झाकणावर नेहमीच्या सुबक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'अँगस पायबस. शुक्रवार. बर्फात ठेवू नये.'