चार घरचा चहा

गिरडच्या अलीकडच्या एका गावात तानाबाई आशाताई आहे. म्हणजे गावातली बाळंतपणं, खोकले, लसी आणि सासूसुनांचे रुसवे, सगळं तिच्या एका खांद्यावरच्या पिशवीत. चहा ती अतोनात पिते, पण आवडीनं नव्हे.

त्याचं असं की, त्या गावात तीन महिने भरेपर्यंत पोटुशी बाई कोणाला काही सांगत नाही. नजर लागते म्हणे. आणि आशाताईकडे नाव तर लवकर नोंदवावं लागतं. त्यामुळे तानाबाई एखाद्या घरात आठवड्यातून दोनदा शिरली की समोरच्या ओट्यावरून आवाज आलाच समजा, "काऊन वं, त्यायच्या सुनेचं काई हाय का?" म्हणून तिनं तोड काढली. पोटुशीच्या एका घरासाठी शेजारची तीन घरं उगाच धरायची. एखाद्या म्हातारीचे गुडघे विचारायचे, एखादी ओआरएसची पुडी द्यायची, आणि चारही घरी चहा घ्यायचा. अख्ख्या गावात ही एकच बाई अशी, जिच्या पोटात चहाही मावायचा आणि गोष्टही.

अंगणवाडीच्या पौर्णिमेवर तिचा जीव. सहा वर्षांनी पौर्णिमेला दिवस गेले, तेव्हाही तानाबाईनं इमानानं चार घरं धरली. पौर्णिमा हसायची, "मावशी, माह्यापायी लय चहा ढोसून राह्यली तू. पोरीचं नाव साखरच ठेवतो मी."

२०२१चा फेब्रुवारी होता. कोरोनाच्या लसीत पहिला नंबर आरोग्यवाल्यांचा आणि अंगणवाडीवाल्यांचा लागला. ऑटोतून केंद्रावर जाताना पौर्णिमा कानाशी लागली, "मावशी, मले सुई घ्याची हाय. दिवसभर मी लोकायच्या घरोघरी फिरतो. तिथं काई सांगजो नको."

वरून आलेला आदेश तानाबाईला पाठ होता. गरोदर बाईला लस द्यायची नाही. लस वाईट म्हणून नव्हे, तर गरोदर बायांवर ती तपासून झालेली नव्हती म्हणून.

पौर्णिमा खुर्चीत बसली, बाही वर केली. सिस्टरनं विचारलं, "गरोदर वगैरे नाही ना?"

"नाई," पौर्णिमा म्हणाली.

पंधरा वर्षं ज्या तोंडातून एक गोष्ट बाहेर पडली नव्हती, ते तोंड तेव्हाच उघडलं. "सिस्टर, तिसरा हाय हिले."

पौर्णिमेनं बाही खाली ओढली. परतताना ऑटोत एकच वाक्य बोलली, "चार घरी चहा पेऊन लपवलं, अन् एका खुर्चीपाशी सांगून टाकलं व्हय?"

एप्रिलात तिला ताप आला. पाचवा महिना होता. चौथ्या दिवशी दम लागला, सातव्या दिवशी आई आणि बाळ दोघं गेली. माती द्यायला देहही गावापर्यंत आला नाही. तानाबाईनं आपल्या वहीतल्या त्या नावापुढं काय लिहायचं ते सिस्टरला विचारलं आणि सांगितलं तसं लिहिलं.

जुलैत मोबाईलवर नवा आदेश आला. गरोदर बायांना लस देता येईल, कोणत्याही महिन्यात. लसीपेक्षा आजाराचाच धोका मोठा. तानाबाईनं तो तीनदा वाचला. आदेशाचं बरं असतं. त्याला यायला उशीर झाला तर त्याच्या घरी कोणी जाब विचारायला जात नाही. जाब विचारायचा तो ज्याच्या हातात पिशवी आहे त्याला.

पहिलं घर तिनं तेच धरलं. पौर्णिमेची धाकटी जाऊ काजल पोटुशी होती. शेजारच्या तीन घरांकडे तानाबाईनं या वेळी वळूनही पाहिलं नाही. पौर्णिमेची सासू विमलाबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होती.

"जयभीम, विमलाबाई. काजलले लस देऊन घेऊ म्हणतो."

"फेब्रुवारीत जहर होतं, आता अमृत झालं व्हय?"

"जहर कधीच नव्हतं. तवा कोणाले नक्की माहीत नव्हतं."

"माह्या पौर्णिमेले तर होतं माहीत."



काजल दारातून बाहेर आली. "आत्याबाई, मी जातो. ताई लस घेऊन नाई गेली. न घेता गेली."

विमलाबाईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मी बी येतो. पाहू दे मले ते खुर्ची."

केंद्र तेच, खुर्ची तीच. काजलनं बाही वर केली. सिस्टरनं विचारलं, "गरोदर आहे का?"

काजल बोलणार, तेवढ्यात विमलाबाईनं हात आडवा केला आणि तानाबाईकडे पाहिलं. "तू सांग. तुलेच सवय हाय."

"दुसरा सरत आला, सिस्टर," तानाबाई म्हणाली.

सुई टोचली. अर्धा तास काजलला बसवून ठेवलं. काही झालं नाही, दंड तेवढा दुखला. तिघी बाहेर आल्या. फाटकाशी चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं तिघींना पाहून तीन कप मांडले.

"दोनच," विमलाबाई म्हणाली. "आमच्या घरचा चहा तानाबाईनं लय पेला."