लंगड्यांवरचे विनोद
जुन्या चामडी बांधणीचा वास आला की केंब्रिजच्या लायब्ररीतली एक दुपार आठवते. मी संशोधनासाठी अठराव्या शतकातली इंग्रजी विनोदांची पुस्तकं वाचत होते. त्यांत पानोपानी आंधळ्या-लंगड्यांची निर्दय थट्टा होती. काठी टेकत चालणारी लायब्रेरियन सारखी माझ्या टेबलापाशी येऊन थांबायची. मी एखादं पान फाडून नेईन असा हिला संशय आहे, अशी माझी खात्रीच झाली. शेवटी मीच विचारलं, "माझं काही चुकतंय का?" ती वाकून हळूच म्हणाली, "हे वाचून तुम्हाला हसू येतं?" "नाही," मी घाईघाईनं म्हणाले. "मला येतं," असं म्हणून ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ती खरं बोलली की माझी परीक्षा घेत होती, हे मला आजही ठरवता येत नाही.