फळ्याखालचं नाव

सेलूच्या वाचनालयाच्या दारात रोज एक सुविचार लागायचा. हातभर लांबीचा लाकडी फळा, त्यावर खडूनं लिहिलेला. परवानगी देतानाच पोलिसांनी अट घातली होती की विचार जगात कुणाचाही असो, खाली लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं. माझे यजमान सरकारी शाळेत मास्तर. तेच रोज संध्याकाळी फळा घरी आणायचे आणि सकाळी लिहून न्यायचे.

विचार निवडायची मात्र मी. माहेराहून आणलेल्या तीन वह्या माझ्याकडे होत्या, वडिलांच्या पुस्तकांतून उतरवून घेतलेल्या. ग्रीक, चिनी, आपल्याकडचे, सगळे शहाणे त्यात दाटीवाटीनं बसलेले. बाजारात लोक यांना थांबवून म्हणायचे, "मास्तर, आजचा इचार लय भारी!" हे नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा. हा आमच्या मंडळींनी काढलाय, एवढं सांगायला काय जीभ झिजत होती?

संस्थानाच्या शेवटच्या वर्षात गावची हवा बिघडली. कुणाला कधी उचलतील याचा नेम राहिला नाही. त्यातच यांना हिवताप आला आणि तीन दिवस फळा कोराच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मी खडू घेतला. रोममधला एक लंगडा गुलाम होता, पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला. माझ्या पायात बेडी घालाल, पण मर्जीला कशी घालाल, अशा अर्थाचं त्याचं बोलणं मी लिहिलं. वर त्याचं नाव टाकलं आणि खाली रोजच्यासारखं यांचं. यांना दाखवलं नाही. झोपले होते हे निमित्त. दाखवलं असतं तर यांनी ते पुसलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या दुकानदारानं फळा नेऊन टांगला. दुपार व्हायच्या आत पोलीस ठाण्याचे अंमलदार, अमीनसाहेब, दोन जवान घेऊन आमच्या दारात उभे राहिले. फळा त्यांच्या काखेत होता.

"मास्तर, हे तुमी लिवलं?"

हे अंथरुणातून उठून बसले. फळा वाचला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी आतल्या दाराआड उभी होते, पण माझ्याकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही.

"होय साहेब. मीच लिहिलंय."

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. आजसुद्धा माझं लिहिणं आपलंच म्हणून सांगितलं! हे मला वाचवायलेत, हे ध्यानात यायला एक क्षण लागला.

"खाली पुन्हा एकदा लिवा," अमीनसाहेबांनी खडू पुढं केला.

यांचं अक्षर किरटं, माझं टपोरं. दोन शब्द झाले आणि अमीनसाहेबांनी फळा ओढून घेतला.

"झूट बोलायलात तुमी. कुणी लिवलं त्याचं नाव सांगा, न्हाईतर नोकरी बी गेली अन् तुमी बी परभणीच्या तुरुंगात गेले म्हणून समजा."

यांनी खडू खाली ठेवला आणि अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. जवान पुढं सरकला, त्यानं यांच्या दंडाला धरलं. मी पदर सावरून बाहेर आले.

"मी लिहिलंय."

"तू आत जा!" हे ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच.

अमीनसाहेबांनी मला निरखलं. "बाई, हे बोल कुणाचे?"

"वर नाव आहे. रोममधला गुलाम होता."

"कुठं ऱ्हातो?"

"मेला. दोन हजार वर्षं होत आली."

ते हसले नाहीत. "मग त्याला मी कुठून धरून आणू? आज बोलणारं माणूस तुमीच हाय."

त्यांनी कागद काढला आणि जबाब लिहिला. मास्तर आजारी होते, त्यांना काही माहीत नव्हतं, निवडणं आणि लिहिणं दोन्ही बायकोचं. मास्तरांची नोकरी राहील. वाचनालय बंद. बाईनं रोज ठाण्यावर हजेरी द्यायची.

"सही येते का अंगठा?"

"येते," मी म्हटलं.

दौत यांनी धरली. तीन वर्षं निवडलेल्या विचारांखाली माझं नाव पहिल्यांदा पडलं ते पोलिसांच्या कागदावर, आणि तिथं ते पडू नये म्हणून हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता. सही करताना मला रडू फुटलं. भीतीनं नव्हे.