शेजाऱ्यांनी लावलेली रोपं

आमच्या शेजारचे गृहस्थ मागच्या सप्टेंबरात गेले. इथे अमेरिकेत, शुगर लँडला घर घेतल्यापासून बावीस वर्षं आमची ओळख म्हणजे मधलं लाकडी कुंपण आणि कधीमधी हवेबद्दल चार शब्द. शेवटच्या उन्हाळ्यात मात्र ते गॅरेजचं दार उघडं टाकून घडीच्या खुर्चीत बसून राहायचे. कॅन्सर होता. तरुणपणी ते व्हिएतनामच्या लढाईत होते; तिथे झाडांची पानं झडावीत म्हणून जंगलावर जे औषध फवारलं त्यानेच झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रिटायर झालेली. दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले.

दमट ऊन असायचं. समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा, झाडांत किडे एकाच सुरात किरकिरायचे. समोरचा माणूस जागेपणी बोलतोय की झोपेत, हेही कधी कधी कळत नसे.

एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या गावी भात पिकतो?"

"आमचं गाव मावळात. लावणीला लहानमोठे सगळेच चिखलात उतरायचो."

 मग ते सांगू लागले.

एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती व्हा म्हणून सरकारचं पत्र आलं. जायचं नव्हतं, तरी जावं लागलं. व्हिएतनाममध्ये एका सकाळी त्यांची तुकडी एका खेड्याबाहेर थांबली. शेतात एक म्हातारी एकटीच लावणी करत होती. सैनिक पाहूनही तिने मान वर केली नाही. त्यांनी बूट काढले आणि पाठीवरच्या बंदुकीसकट पाण्यात उतरून तिच्या शेजारी रोपं लावायला लागले. का, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. म्हातारीने त्यांची वाकडी ओळ उपटली, सरळ लावली आणि बोळकं पसरून हसली. मग नवी जुडी त्यांच्या हातात दिली.

"दुसऱ्या दिवशी आम्ही तिथून निघालो. नंतर त्या भागात बॉम्ब पडले म्हणे. माझी मुदत संपली तसा दोन दिवसांत मी आईच्या स्वयंपाकघरात होतो. आई म्हणाली, हात धू, जेवायला बस. मी नळाखाली हात धरून उभाच राहिलो." मग त्यांनी विचारलं, "ती रोपं लागली असतील का हो?"

"वाकडी लावली तरी लागतात," मी म्हणाले. बॉम्बचं काही बोलले नाही. त्यांनी डोळे मिटले.

अंत्यविधीला दोन तरुण सैनिक आले होते. त्यांनी शवपेटीवरच्या झेंड्याची तिकोनी घडी घातली आणि गुडघा टेकून शेजाऱ्यांच्या बायकोच्या हातात दिली. आठवड्याभराने ती माझ्या दारात उभी.

"तुमच्याशी तो काय बोलायचा? मला पन्नास वर्षांत त्याने तिकडचं काहीच सांगितलं नाही."

मी तिला आत बसवलं आणि जे ऐकलं होतं ते सांगितलं. चहा गार झाला. तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा, सावकाश सांगितलं. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती ऐकत राहिली.

"पाणी गार होतं का?" तिने विचारलं.

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

"वर कोमट असतं," मी म्हणाले. "खाली चिखलाशी पाय पोचले, की गार."