भंगाळे सरांचा र

आम्ही क्लासमधल्या दोघी-तिघी आजही भेटलो, की कुणीतरी हळूच "डिअर्र सर्र" म्हणतं आणि चहा गार होतो. शॉर्टहँडच्या रेघा बोटांतून कधीच गेल्या, किस्से मात्र जायचं नाव घेत नाहीत. उलट दर भेटीत एखादा वाढतोच. त्यातला घडलेला किती आणि आम्ही रंगवलेला किती, हे आता आम्हालाही सांगता यायचं नाही.

धुळ्याला चौथ्या गल्लीत एका मारवाडी शेठच्या कापडदुकानाच्या माडीवर भंगाळे सरांचा क्लास होता. सत्तर साल उजाडायचं होतं. दुपारी दोनला पंखा कुरकुरायचा, खालून कोऱ्या कापडाचा वास वर यायचा आणि धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटातले सर डोळे मिटून डिक्टेशन द्यायचे. "वुई अ‍ॅर्र इन र्रिसीट ऑफ युवर्र लेटर्र." तो र असा घोळत यायचा, की नुकत्याच जेवून आलेल्या आम्हा मुलींना गुंगी यायची. हात तेवढे चालू राहायचे. सर मूळचे यावलचे, तेव्हा र पण यावलचाच असणार, अशी आमची खात्री!

शॉर्टहँडमध्ये स्पेलिंग नसतं, कानावर पडेल तो आवाज लिहायचा. नवखी मुलगी सगळं लिहिते, प्रत्येक स्वराचा ठिपका, प्रत्येक र. हात बसला की ठिपके गळतात आणि वेग येतो. म्हणून सरांचा एक नेम होता. पहिली वही कुणी टाकायची नाही. परीक्षा पास झाली, की पेढे नंतर, आधी क्लाससमोर उभं राहून त्या वहीतलं पहिलं पत्र वाचायचं, बाकीच्यांनी ते लिहून घ्यायचं. पत्र संपलं की सर लाकडी पट्टी टेबलावर दोनदा वाजवायचे. ती वाजली की सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवायच्या.

*

माझ्या शेजारी कुसुम अहिरे बसायची. शिंदखेड्याहून रोज एसटीने यायची. वडील, म्हणजे आबा, रेल्वेत गँगमन, आणि त्यांच्या वस्तीतली ही पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. कोर्टात स्टेनो व्हायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

परीक्षेचं सेंटर जळगावला. पहिल्या वेळी मुंबईचे परीक्षक आले. त्यांचं इंग्रजी इतकं मऊ, की ओठ हलताना दिसायचे आणि शब्द कुठे विरघळायचे ते कळायचं नाही. मी कशीबशी पास झाले, कुसुम राहिली. सरांनी विचारलं, "काय झालं?"

"सर, त्यांचा र कुठे गेला ते शोधण्यातच वेळ संपला."

दुसऱ्या वेळी कलकत्त्याकडचे गृहस्थ आले. त्यांचे सगळे शब्द गोल. कुसुम तिसऱ्या ओळीला थांबली ती थांबलीच. घरी तिचे आबा रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आखो एकदाव दे बेटा. मंग घर." अजून एकच खेप, मग घरी, हे तिनं मला स्टँडवर सांगितलं. "मला नाही गं घरी बसायचं," ती म्हणाली. मी तिची पिशवी उगाच माझ्या हातात घेतली.

सर मात्र म्हणाले, "चूक तिची नाही. तिनं आयुष्यात एकच माणूस ऐकलाय."

तेव्हा सरांचा घसा बिघडायला लागला होता. दहा मिनिटं बोलले की खोकला यायचा. त्यांनी मला मदतीला ठेवून घेतलं आणि दर बुधवारी क्लासला एक पाहुणा आवाज बोलवायला सुरुवात केली.

*

पहिला मान खालच्या शेठजींचा. कापड मापतात त्या चालीवर ते वाचायचे, एकेक वाक्य ताणून, मग कच्चकन कापून. स्टेशनचं इस्टेशन, स्टॉकचं इस्टॉक. पत्रात पुढे आलं, की आपण पाठवलेलं कापड हलक्या प्रतीचं निघालं. शेठजी थांबले. चष्मा काढला.

"ये मत लिखो बाई. ऐसा माल अपने यहाँ का नहीं है."

सरांनी परोपरीनं सांगितलं, की पत्र पुस्तकातलं आहे. शेठजी काही त्या ओळीच्या पुढे गेले नाहीत. जाताना जिन्यावर मला म्हणाले, "मास्टरजी की अंग्रेजी में थोडा गाँव आता है. मेरी एकदम सादी है."

*

मग दक्षिणेकडचे बँक मॅनेजर आले. त्यांच्या तोंडी एमचा येम व्हायचा आणि एनचा येन्न. पाऊण तास ते असे तालात बोलले, की क्लासमधल्या अकरा माना त्यांच्याबरोबर डुलायला लागल्या. खिडकीतून ऊन सरकत होतं, शब्द एकामागून एक टपटपत होते, आणि कुसुमची पेन्सिल पहिल्यांदाच न अडखळता चालली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

शेवटी रुमालानं कपाळ पुसत ते म्हणाले, "तुम्हा लोकांना माझं इंग्रजी सोपं गेलं असणार. मला अ‍ॅक्सेंट नाही. तुमच्या सरांना मात्र आहे."

सर खोकत खोकत हसले.

*

तिसरा आवाज कुणी बोलावलाच नव्हता. एका बुधवारी पाहुणा आला नाही म्हणून सरच डिक्टेशन देत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात पांढरे केस, पांढरे बूट, मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या गोऱ्या नर्सबाई उभ्या. पडद्याला कापड घेताना खाली त्यांना सरांचा आवाज ऐकू गेला होता. तीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केलेल्या बाई त्या. आत बघून चक्क अहिराणीत म्हणाल्या, "मना गावना मानूस आठे कोन शे?"

आम्ही सगळ्या सरांकडे बघायला लागलो. सर उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय अ‍ॅम फ्रॉम यावल."

बाई खुर्ची ओढून बसल्या. मग कळलं ते असं. सर तरुणपणी जळगावला एका गोऱ्या साहेबाचे स्टेनो होते. साहेब स्कॉटलंडचा, आणि बाईही तिकडच्याच. सहा वर्षं सरांनी फक्त त्या एका माणसाचं इंग्रजी ऐकलं आणि लिहिलं. यावलचा म्हणून आम्ही मिरवत होतो तो र समुद्रापलीकडून आला होता.

बाई त्या दिवसापासून दर बुधवारी आल्या, कुसुमला डिक्टेशन देऊन गेल्या. पण पहिल्या दिवशी निघताना त्यांनी आम्हाला सांगितलं ते विसरता येत नाही. "इतला वरीसमा पह्यला मानूस भेटना, जो सरय इंग्रजी बोलस." सरय म्हणजे सरळ!

*

परीक्षेला मी कुसुमबरोबर गेले. पहाटेच्या एसटीत तिला बोलायला लावावं म्हणून मी काहीबाही विचारत होते, पण पारोळा गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. सेंटरच्या व्हरांड्यातून मला ती दिसत होती. परीक्षक बोलायला लागले आणि तिनं डोळे मिटले. पेन्सिल चालूच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "परीक्षक कुठले होते?"

"कोण जाणे," ती म्हणाली. "कुणीतरी बोलत होतं खरं."

*

निकाल लागला तेव्हा सरांचं मुंबईला घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. जीव वाचला, आवाज गेला. ते रोज क्लासला येऊन खुर्चीत बसायचे, डिक्टेशन मी द्यायचे. माझा र सपक. ते खिडकीबाहेर बघत ऐकायचे, आणि मला फार अपराधी वाटायचं.

कुसुम पेढे घेऊन आली. सोबत आबा होते, धुतलेलं धोतर नेसून, दारातच थांबलेले. तिनं गुणपत्रिका सरांच्या पुढ्यात ठेवली. सरांनी ती पाहिली, पेढ्यांचा पुडा बाजूला सारला आणि बोटानं खूण केली. आधी वही.

पहिली वही पिशवीतच होती. कुसुम उभी राहिली. एरवी तिचं इंग्रजी आता कसं सपाट, कचेरीतलं झालं होतं. पण वहीत सगळे ठिपके होते, सगळे र होते, आणि तिनं लिहिलंय तसं वाचायला सुरुवात केली.

"डिअर्र सर्र. वुई अ‍ॅर्र इन र्रिसीट ऑफ युवर्र लेटर्र."

पंखा कुरकुरत होता. खालून कोऱ्या कापडाचा वास येत होता. सरांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ती कुठेही घाईनं पुढे गेली नाही, सर श्वास घ्यायचे तिथे थांबलीसुद्धा. पत्र संपलं.

सरांनी चाचपडत पट्टी शोधली आणि टेबलावर दोनदा वाजवली. आमच्यातलं कुणीच लिहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या.